जोडी कोमरची साक्ष

2019 च्या सप्टेंबरात अमेरिकी टीव्हीच्या एमी पुरस्कारांच्या मंचावर जोडी कोमर आभार मानायला उभी राहिली आणि तिला टीव्हीवर नेमानं बघणारे लोक गोंधळले. 'किलिंग ईव्ह' या मालिकेत ती व्हिलानेल नावाची रशियन मारेकरी. फ्रेंच बोलते, इटालियन बोलते, इंग्रजी बोलते तेही रशियन वळणाचं. आणि मंचावरची ही मुलगी भलतंच काहीतरी बोलत होती. 'क' घशात घासून, वाक्याचा शेवट वर उचलून, भराभर. ते लिव्हरपूलचं इंग्रजी. तिकडे त्याला स्काउस म्हणतात. आईबाबा लिव्हरपूललाच आहेत, आपला नंबर लागेल असं वाटलं नव्हतं म्हणून त्यांना बोलावलंच नाही, असं तिनं सांगून टाकलं. वय 26. त्याच गटात तिची सहकलाकार सँड्रा ओ होती, व्हायोला डेव्हिस होती. पण कितीतरी प्रेक्षकांना पुरस्कारापेक्षा या बोलण्याचंच नवल वाटलं. ही खरंच अशी बोलते?

खरंच अशी बोलते. जन्म 11 मार्च 1993, लिव्हरपूल. वडील एव्हर्टन फुटबॉल क्लबात खेळाडूंचे आखडलेले स्नायू मोकळे करणारे थेरपिस्ट, आई मर्सीरेल या तिथल्या लोकल रेल्वेत नोकरीला. टीव्हीवर जाहिरात लागली की बापलेक मिळून तिच्यातले आवाज काढायचे, नकला करायचे. आवाज बदलायची खोड तिथूनच लागली, असं ती मुलाखतींतून सांगत आली आहे. नाट्यशाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. राडा, लॅम्डा या तिथल्या नाट्यशाळांच्या नावांना घराण्यासारखं वजन आहे. गेल्या पंधरावीस वर्षांत इंग्लंडमधून जगभर नाव झालेले नट बघा: एडी रेडमेन, टॉम हिडलस्टन, डेमियन लुइस हे शाळेपासून ईटनचे, बेनेडिक्ट कंबरबॅच हॅरोचा, दोन्ही श्रीमंतांच्या खासगी शाळा. गुणी आहेत सगळे, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण 2012 पासून इंग्लंडमधल्या पदवी शिक्षणाची फी वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत गेली, त्यात लंडनचं घरभाडं, वर निवडचाचणीला जायचा रेल्वेखर्च. रेल्वेत नोकरी करणाऱ्या बाईच्या मुलीनं हे गणित कसं सोडवायचं? जोडीनं सोडवलंच नाही. ती टीव्हीवरच्या चालू मालिकांमध्ये मिळेल ते काम करत राहिली: 'द रॉयल टुडे', 'कॅज्युअल्टी', 'होल्बी सिटी', 'डॉक्टर्स', 'वॉटरलू रोड', 'सायलेंट विटनेस'. अशा मालिकांत नवख्या नटांच्या वाट्याला पेशंट, साक्षीदार, कुणाची तरी मुलगी असं काहीबाही येतं. मध्येच काम नसलं की सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसायचं, बारमध्ये ग्लास भरायचे. ब्रिटिश नटांची मोठी फौज अशीच तयार होते. आपल्याकडे डेली सोपच्या सेटवर होते, तशी.

2010 साली तिनं स्कारबरोच्या स्टीफन जोसेफ थिएटरमध्ये एक नाटक केलं. त्यानंतर बारा वर्षं रंगमंचावर पाऊल नाही. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

मला ती पहिल्यांदा नीट दिसली ती 'थर्टीन'मध्ये. 2016 ची बीबीसीची पाच भागांची मालिका. तेराव्या वर्षी पळवून नेलेली आयव्ही तेरा वर्षांनी तळघरातून निसटते आणि थेट रस्त्यावर येते. गोष्ट सुटकेपाशी संपत नाही, तिथून सुरू होते. पोलीस तिला विचारायला लागतात आणि हळूहळू त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडायला लागतो. तारखा जुळत नाहीत. काही गोष्टी ती लपवते. सव्वीस वर्षांच्या अंगात तेरा वर्षांची मुलगी अडकलेली, तिचा जबाब सुसंगत कसा असणार? पण पोलिसांना सुसंगती हवी असते. कोमरनं हे सगळं मोठ्यानं न रडता केलं. खांदे आत ओढलेले, आवाज वापरात नसल्यासारखा बारीक. त्या कामाला बाफ्टा या ब्रिटिश पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि त्याच सोहळ्यानंतरच्या पार्टीत तिची फीबी वॉलर-ब्रिजशी गाठ पडली. 'किलिंग ईव्ह' लिहिणारी बाई हीच. पुढे लॉस एंजेलिसला सँड्रा ओसमोर तिची चाचणी झाली आणि व्हिलानेल तिच्याकडे आली.

त्या मालिकेचा अगदी पहिला प्रसंग आठवतोय? व्हिएन्नातलं आइस्क्रीमचं दुकान. व्हिलानेल एका टेबलाशी, समोरच्या टेबलावर एक छोटी मुलगी. व्हिलानेल तिच्याकडे बघून हसते, मुलगी ढिम्म. मग मुलगी काउंटरवरच्या माणसाकडे बघून गोड हसते. व्हिलानेल त्या माणसाचं हसू बघते, ओठ किती वर जातात, डोळे किती बारीक होतात ते मोजल्यासारखं बघते, आणि तेच हसू आपल्या चेहऱ्यावर चढवून मुलीकडे वळते. आता मुलगी हसते. व्हिलानेल उठते, जाता जाता मुलीचा आइस्क्रीमचा पेला तिच्या अंगावर उलटवते आणि बाहेर पडते. दोन मिनिटांचाही प्रसंग नाही, आणि फारसं बोलणंही नाही. नकला करण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या नटीला नकला करणाऱ्या खुनी बाईचं काम मिळालं, की असं होतं. मॉली गॉडर्ड या फॅशन डिझायनरचा तो गुलाबी झालरींचा फुगलेला फ्रॉक, जाड काळे बूट, पॅरिसचा चौक, यांचे फोटो सगळीकडे फिरले. माझ्या लेखी खरी व्हिलानेल त्या आइस्क्रीमच्या दुकानातच बसली आहे. मालिका पुढे घसरली, हेही सांगून टाकते. लेखिका दर मोसमाला बदलत गेली, आणि चौथ्या मोसमाचा शेवट तर इतका हाताबाहेरचा की चाहत्यांनी अजून माफ केलेलं नाही. पण कोमर कुठेच सैल पडली नाही.

मी बराच काळ तिला 'आवाजांची बाई' समजून बघत होते. कुठला देश द्याल त्या देशाचं इंग्रजी बोलून दाखवणारी. नंतर शाळेतल्या एका स्वगताबद्दल वाचलं आणि मी तिची जुनी कामं परत काढून बघितली.

झालं असं, की शाळेच्या कार्यक्रमात ती मैत्रिणींबरोबर नाचणार होती. घरच्यांबरोबर सुट्टीवर गेली, तालमी बुडाल्या, मैत्रिणींनी नाचातून काढून टाकलं. मग तिनं एकटीनं एक स्वगत केलं. विषय: हिल्सबरो. ते ऐकून नाटकाच्या शिक्षकांनी तिला बीबीसी रेडिओ 4 च्या एका नाटकाच्या निवडचाचणीला पाठवलं, तिथं ती निवडली गेली, आणि गाडी सुरू झाली. म्हणजे व्यवसायात पहिलं पाऊल पडलं तेही नुसत्या आवाजावर.

हिल्सबरो म्हणजे काय, हे लिव्हरपूलच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याला लागेल. 15 एप्रिल 1989, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची फुटबॉलच्या एफए कपची उपांत्य लढत. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक फाटक उघडलं, लोंढा बोगद्यातून आधीच ठासून भरलेल्या, जाळ्या लावलेल्या कप्प्यांत घुसला. माणसं उभ्या उभ्या चिरडली. मृतांचा आकडा पुढे 97 वर गेला. शेवटचा माणूस त्या दिवसाच्या दुखण्यांनी 2021 मध्ये गेला. आणि पोलिसांनी सांगितलं काय, तर चाहते दारू पिऊन आले होते, त्यांनीच फाटक फोडलं. एका लंडनच्या वर्तमानपत्रानं ते पहिल्या पानावर छापलं. लिव्हरपूलमध्ये ते वर्तमानपत्र आजही बहुतेक लोक हातात धरत नाहीत. 1991 च्या चौकशीचा निकाल होता अपघाती मृत्यू. 2012 साली स्वतंत्र समितीनं कागद उघडले तेव्हा कळलं की पोलिसांचे 164 जबाब बदलले गेले होते आणि त्यातल्या 116 मधून पोलिसांच्या विरोधात जाणारा मजकूर गाळला होता. मृत्यू बेकायदा होते, चाहत्यांचा दोष नव्हता, असं ज्युरीनं म्हणायला 2016 उजाडलं. सत्तावीस वर्षं!

जोडीनं ते स्वगत म्हटलं तेव्हा कागदोपत्री निकाल अजून 'अपघाती'च होता. तिचे वडील एव्हर्टनचे, म्हणजे मैदानावर लिव्हरपूल क्लबचे पक्के विरोधक, पण या बाबतीत शहर एक होतं. त्या शहरात वाढलेल्या पोरीला एक गोष्ट दूध-बिस्किटांबरोबर मिळते: आपल्या तोंडचं खरं बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आपण बोलतो त्या बोलीवरच लोक आधी संशय घेतात. स्काउस माणूस म्हणजे भुरटा, रडतराऊत, आळशी, हा विनोद ब्रिटिश टीव्हीनं वर्षानुवर्षं चालवला. आता हिल्सबरोच्या स्वगतामुळे ती पुढे तशाच भूमिका घेत गेली, असं काही तिनं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. हा दोरा माझा मीच ओवलाय. पण ओवला की मणी बसतात.

'हेल्प' बघा. 2021, चॅनल 4, लेखक जॅक थॉर्न. यात तिच्याबरोबर स्टीफन ग्रॅहम आहे, लिव्हरपूलच्याच कडेच्या कर्कबीचा. 2012 मध्ये 'गुड कॉप' मालिकेत दोघं एकत्र होते. या पोरीत काहीतरी आहे म्हणून त्यानं तेव्हा तिला स्वतःच्या एजंटकडे नेलं. नाट्यशाळेतून मिळणाऱ्या ओळखी तिच्याकडे नव्हत्या. गाववाल्यानं एक ओळख करून दिली, तेवढ्यावर काम झालं. 'हेल्प'मध्ये ती सारा. लिव्हरपूलच्या वृद्धाश्रमात नवीन लागलेली, शाळेत कधी चमकली नाही पण या कामात मात्र तिचा हात बसतो. ग्रॅहम तिथला टोनी, वय व्हायच्या आतच स्मृतिभ्रंश झालेला. मग येतो 2020 चा मार्च. रुग्णालयं खाटा मोकळ्या करण्यासाठी म्हाताऱ्यांना चाचणी न करताच आश्रमांत पाठवतात, मास्क नाहीत, हातमोजे नाहीत, कचऱ्याच्या पिशव्या अंगाला गुंडाळायच्या. एका रात्री सारा एकटी ड्युटीवर असते. एका म्हाताऱ्याचा श्वास कोंडतोय. ती फोन लावते, थांबा म्हणतात. परत लावते. कॅमेरा कट न होता तिच्यामागे या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो, आणि त्या फोनवर तिचा आवाज कसा कसा बदलतो ते ऐकायला हवं. आधी नम्र, शाळेत बाईंशी बोलावं तसा. मग घाईचा. मग चिडका, आणि चिडलो तर पलीकडचा माणूस फोन ठेवेल या भीतीनं परत नम्र. सगळं तिच्या स्वतःच्या बोलीत. या कामाला 2022 चं बाफ्टा मिळालं.

त्याच 2021 मध्ये आलेला रिडली स्कॉटचा 'द लास्ट ड्युएल' चालला नाही. मला वाटतं लोकांना तलवारबाजी हवी होती आणि मिळाला एक खटला. 1386 चं पॅरिस. मार्गरीत द कारूज ही सरदारपत्नी जाक ल ग्री या माणसानं आपल्यावर बलात्कार केला असं उघड सांगते. न्याय द्वंद्वातून होणार: नवरा जिंकला तर ती खरी, हरला तर तिला जिवंत जाळायचं. तीच घटना तीन वेळा दिसते. नवऱ्याच्या नजरेतून, ल ग्रीच्या नजरेतून, तिच्या. कोमरला एकच प्रसंग दोनदा करायचा होता, आणि फरक धाग्याएवढा. जिन्यावरचे बूट घ्या. ल ग्रीला आठवतं की ती बूट मागे सोडत वर गेली, जणू बोलावणं. तिच्या आठवणीत ते बूट जीव घेऊन पळताना पायांतून निसटले आहेत. बूट तेच, जिना तोच. पहिल्या खेपेला तिच्या चेहऱ्यावर आपल्याला जे दिसतं ते ल ग्रीनं तिथं ठेवलंय. हे असं काम करायला नटीजवळ केवढा संयम लागत असेल!

आणि मग 'प्रायमा फेशी', कोर्टाच्या भाषेत 'प्रथमदर्शनी'. सुझी मिलर या ऑस्ट्रेलियन नाटककार बाई स्वतः आधी वकिली करायच्या. नाटक पहिल्यांदा 2019 मध्ये सिडनीत झालं, लंडनला ते 15 एप्रिल 2022 ला हॅरॉल्ड पिंटर थिएटरमध्ये लागलं. हिल्सबरोची तारीख! योगायोगच. पण 'किलिंग ईव्ह'चा शेवटचा भाग अमेरिकेत दाखवला गेला तो 10 एप्रिलला, त्याच आठवड्यात. एक काम संपलं आणि पाच दिवसांत ही बाई वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या बड्या व्यावसायिक नाटकांच्या मंचावर, तेही एकपात्री, तेही मध्यंतर नसलेलं सुमारे शंभर मिनिटांचं. त्याआधीचा रंगमंचाचा अनुभव काय, तर बारा वर्षांपूर्वीचं स्कारबरो. एकटीनं बोलत राहण्याची तालीम म्हणावी तर 2020 च्या टाळेबंदीत बीबीसीसाठी कॅमेऱ्यासमोर केलेला 'टॉकिंग हेड्स'मधला एक दीर्घ एकपात्री भाग. बस. आपल्याकडे एखाद्या मालिकेतल्या नटीनं असा बेत सांगितला असता तर निर्मात्यानं आधी चहा पाजून मग दार दाखवलं असतं.

नॅशनल थिएटर लाइव्हनं त्याचं चित्रीकरण केलं आणि ते नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये लागलं, तेव्हा मी मावशीला घेऊन गेले. मावशीनं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केलेली, त्यामुळे कोर्टाचं नाटक-सिनेमा तिला दाखवणं म्हणजे डॉक्टरला मालिकेतलं ऑपरेशन दाखवण्यासारखं. टेसा एन्सलर ही नाटकातली बॅरिस्टर. लिव्हरपूलच्या साध्या घरातून केंब्रिजला गेलेली, आता लंडनमध्ये आरोपींची बाजू मांडते आणि जिंकते. मागे जमिनीपासून छतापर्यंत फायलींची कपाटं. ती टेबलं ढकलते, टेबलांवर चढते, विग चढवते, झगा भिरकावते, न्यायाधीश होते, साक्षीदार होते, परत टेसा होते. उलटतपासणी कशी करायची याचा धडाच देते: साक्षीदाराला बोलू द्यायचं, अडवायचं नाही, तो आपण होऊन भोक पाडतो, मग बोट घालायचं. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतले आरोपीही तिनं असेच सोडवलेत. मावशी अंधारात कुजबुजली, "अगं, हे खरंय. बोलू द्यायचं. आमचे साहेब हेच सांगायचे."

इथे टेसाच्या बोली दोन आहेत. कोर्टात ती धुतलेलं, इस्त्री केलेलं इंग्रजी बोलते. आईशी बोलताना लिव्हरपूल बाहेर येतं. आणि गोष्ट जसजशी उलटते तशी इस्त्री मोडत जाते. तिच्याच चेंबर्समधला, म्हणजे वकिलांच्या कचेरीतला ज्युलियन, बड्या वकिलाचा मुलगा, दोघांचं जुळत असतं, आणि एका रात्री तिच्याच घरात तो तिच्यावर जबरदस्ती करतो. ती घराबाहेर पळते. मंचावर खरा पाऊस पडायला लागतो, ती त्यात निथळत उभी आणि टॅक्सीवाल्याला सांगते, जवळच्या पोलीस ठाण्यात. त्यानंतर मागे दिवसांचा आकडा पळायला लागतो आणि 782 वर थांबतो. खटला उभा राहिला. आता टेसा साक्षीदार.

"दोन वर्षांत लागला?" मावशी म्हणाली. "नशीबवान आहे."

आता तेच डावपेच तिच्यावर. बोलू दिलं जातं, भोक पडतं, बोट घातलं जातं. तिला एकेक प्रश्न आधीच माहीत आहे, पुढचा कुठला येणार तेही माहीत आहे, आणि तरी उत्तर देताना जीभ अडखळते. कोमरनं हा भाग जवळजवळ न हलता केला. पहिल्या अर्ध्या तासात टेबलांवर उड्या मारणारी बाई आता एका जागी खिळलेली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नाही. मध्येच एक हात दुसऱ्या मनगटाला धरतो, सोडतो. घरात जाहिरातींच्या नकला करणारी मुलगी इतकी वर्षं जगाचे आवाज काढत आली आणि इथे, जिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही अशा बाईला, तिनं आपला स्वतःचा आवाज दिला.

नाटक म्हणून माझी एक तक्रार आहे. शेवटच्या भागात टेसा कायद्याबद्दल थेट बोलायला लागते आणि लेखिकेतली वकील नाटककाराला बाजूला सारते. भाषण होतं ते. मला साहजिकच लीला बेणारे आठवली. 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 चं, म्हणजे टेसाच्या पन्नासेक वर्षं आधीचं, आणि तिथलं स्वगत कायदा सुधारा वगैरे काही मागत नाही, म्हणून जास्त बोचतं. मावशीला मात्र भाषणच आवडलं. बाहेर पडल्यावर समुद्राकडे तोंड करून ती मथुराबद्दल बोलत राहिली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये त्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. "पत्र म्हणजे काय, भाषणच की," मावशी म्हणाली. "तुम्हा नाटकवाल्यांना भाषणाचं वावडं. कायदा भाषणांनीच बदलतो."

मी गप्प बसले, कारण 'प्रायमा फेशी'च्या बाबतीत निदान काही अंशी तिचं बरोबर निघालं होतं. नाटकाबरोबरच स्कूल्स कन्सेंट प्रोजेक्ट या संस्थेचं काम पुढे आलं. त्यातले वकील शाळांमध्ये जाऊन मुलामुलींना संमती म्हणजे कायद्यानं काय ते समजावतात.

पुरस्कारांची गोष्ट लवकर उरकते. 2023 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रंगभूमीचं ऑलिव्हिए, जूनमध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीचं टोनी. पण त्या दोहोंच्या मध्ये न्यूयॉर्कला झालेला एक किस्सा सांगायलाच हवा. 7 जून 2023, जॉन गोल्डन थिएटर, दुपारचा प्रयोग. कॅनडातल्या वणव्यांच्या धुरानं न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालेलं. सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली आणि कोमर थांबली. या हवेत मला श्वास घेता येत नाही, असं तिनं प्रेक्षकांना सांगितलं आणि मंचावरून गेली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तो तिची बदली नटी डॅनी आर्लिंग्टन हिला घेऊन. एकपात्री नाटकात बदली नटी म्हणजे काय काम आहे, विचार करा: रोज सगळं पाठ, रोज तयार, आणि बहुतेक रोज काहीच नाही. 'शो मस्ट गो ऑन'च्या नावाखाली ताप अंगावर काढून प्रयोग केल्याच्या कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकानं सांगतात. मला हे थांबणं जास्त आवडलं. फुप्फुसं भरल्याशिवाय ती शंभर मिनिटं होतच नाहीत. चारच दिवसांनी तिनं टोनी घेतलं.

नंतरही ती परक्या आवाजांकडे परत गेलीच. 'द बाइकरायडर्स'मधली शिकागोची कॅथी ही खरी बाई. डॅनी लायन या छायाचित्रकारानं 1960 च्या दशकात तिच्याशी झालेल्या गप्पा टेपवर घेतल्या होत्या. कोमरनं त्या टेप ऐकून ऐकून ती बोलण्याची ढब उचलली, हेल, अडखळणं, नाकातून ओढलेले स्वर सगळं. काही समीक्षकांना ते अतीच वाटलं. मूळ टेप थोडी ऐका, मग बोला. 2025 मध्ये डॅनी बॉइलच्या '28 इयर्स लेटर'मध्ये ती ईशान्य इंग्लंडची आजारी आई आहे, आणि झोंबी अंगावर येत असतानाही लक्ष तिच्याकडेच जातं. 'प्रायमा फेशी'चा शेवटचा दौराही 2026 च्या सुरुवातीसाठी जाहीर झाला, रिचमंडपासून गावोगाव करत लिव्हरपूल प्लेहाऊसपर्यंत.

तिची कामं कुठून बघायला सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मावशीचा पक्ष 'द लास्ट ड्युएल'चा. तिच्या मते पुरावा म्हणजे काय हे त्या बुटांइतकं सोपं करून कुणीच सांगितलेलं नाही, आणि कायदा शिकणाऱ्या पोरांना पहिल्या वर्षी तो दाखवायला हवा. मी 'हेल्प'ची. फक्त एक करा, सबटायटल लावा. स्काउस आहे, पहिली दहा मिनिटं काही कळणार नाही, आणि नंतर सबटायटल बंद करायचं तुम्ही विसरून जाल.